राष्ट्रीय युवा सेवा दल (नायजेरिया) : पदवीनंतरचे सेवावर्ष आणि पुढील वाटचालीचे नियोजन

राष्ट्रीय युवा सेवा दल : नायजेरियात विद्यापीठाची पदवी किंवा पॉलिटेक्निकची उच्च राष्ट्रीय पदविका घेतलेल्या तरुण-तरुणींसाठी असलेली एक वर्षाची सक्तीची सेवायोजना. ती सर्वत्र ‘एनवायएससी’ या आद्याक्षरांनीच ओळखली जाते आणि सेवा करणाऱ्याला बोलण्यात ‘कोर्पर’ म्हणतात. १९६७ ते १९७० या काळातल्या बियाफ्राच्या यादवी युद्धाने देश उभा चिरला गेला होता. शिकलेल्या पिढीने आपला प्रांत सोडून दुसऱ्या प्रांतात वर्षभर राहावे, तिथल्या लोकांत काम करावे, म्हणजे दुरावा कमी होईल, या विचाराने जनरल याकूबू गोवोन यांच्या लष्करी सरकारने २२ मे १९७३ रोजी हुकूमनामा क्र. २४ काढून दलाची स्थापना केली. विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी सुरुवातीला त्याविरुद्ध निदर्शने केली. तरीही कर्नल अहमदू अली यांच्या संचालनाखाली २,३६४ पदवीधरांची पहिली तुकडी त्याच वर्षी रवाना झाली. आता दरवर्षी तीन लाखांहून अधिक पदवीधर या वाटेने जातात. मूळ हुकूमनाम्याची जागा १९९३ मध्ये हुकूमनामा क्र. ५१ ने घेतली आणि आजचा कायदा तोच आहे. योजना राष्ट्रीय ऐक्यासाठी सुरू झाली, पण पदवीधराच्या दृष्टीने ती मुख्यतः नोकरीच्या आणि उच्च शिक्षणाच्या दाराची किल्ली बनली आहे. त्यामुळे ‘हे वर्ष वाया जाते का’ या नेहमीच्या प्रश्नापेक्षा ‘ते कधी उरकावे’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. पदवी हाती पडताच, दुसरे काहीही सुरू करण्याआधी, ते उरकावे, असेच कायद्याची कलमे आणि नोकरीच्या बाजाराची रीत यांवरून दिसते.

कायद्याने पळवाटा फार थोड्या ठेवल्या आहेत. पदवी मिळाली त्या तारखेला ज्याचे वय ३० वर्षांहून अधिक आहे, ज्याने सैन्यात किंवा पोलिसांत नऊ महिन्यांहून अधिक नोकरी केली आहे, किंवा ज्याला राष्ट्रीय सन्मान मिळाला आहे, अशांना सूट-प्रमाणपत्र मिळते. यातली वयाची अट नीट वाचायला हवी. वय मोजायचे ते पदवीच्या तारखेला, अर्ज करण्याच्या तारखेला नाही. एकोणतिसाव्या वर्षी पदवीधर होऊन, दोन वर्षे हातावर हात धरून बसून, एकतिसाव्या वर्षी ‘आता वय उलटले’ असे म्हणणाऱ्याला सूट मिळत नाही. सेवेचे ओझे त्याच्या डोक्यावर तसेच राहते. हुकूम मिळूनही हजर न होणे हा दंड किंवा कारावासास पात्र गुन्हा आहे. प्रत्यक्षात खटल्यांपेक्षा जास्त धाक आहे तो प्रमाणपत्राचा. पदवीधराला नोकरीवर घेण्याआधी सेवासमाप्तीचे किंवा सूट मिळाल्याचे प्रमाणपत्र पाहणे कायद्याने मालकावर बंधनकारक केले आहे. म्हणजे तुरुंगाची भीती दाखवून जे साधले नसते, ते मनुष्यबळ विभागातल्या कारकुनाच्या एका प्रश्नाने साधते.

सेवावर्षाची यंत्रणा विद्यापीठापासूनच सुरू होते. विद्यापीठाच्या सिनेटने मंजूर केलेली उत्तीर्णांची यादी दलाकडे जाते. त्या यादीत नाव नसेल तर संकेतस्थळावर नोंदणीच होत नाही. मग वर्षातल्या अ, ब, क या तुकड्यांपैकी एकीत नंबर लागतो, त्यातही पोटतुकड्या असतात. बोलावणे आले की नेमून दिलेल्या राज्यात तीन आठवड्यांचे शिबिर. खाकी पँट-जाकीट, दलाचे चिन्ह छापलेला बनियन, पांढरी हाफपँट, लष्करी बूट हा गणवेश तिथेच मिळतो. पहाटे बिगुल, कवायत, अडथळ्यांच्या शर्यती, दुपारी उद्योजकतेचे वर्ग, आणि संध्याकाळी शिबिराच्या आवारातल्या ‘मॅमी मार्केट’ नावाच्या बाजारात खाणे, शिवणकाम, मोबाइल चार्जिंग यांची झुंबड. शिबिर संपताच कामाचे ठिकाण ठरते. मोठा भरणा शाळाशिक्षकांचा असतो. कोणी सरकारी कचेरीत, कोणी दवाखान्यात, नशीब असेल तो बँकेत किंवा तेलकंपनीत. आठवड्यातला एक दिवस समाजकार्याच्या गटासाठी राखीव. दर महिन्याला कामाच्या ठिकाणचे हजेरीपत्र घेऊन स्थानिक अधिकाऱ्यापुढे बोटाचा ठसा द्यायचा, तेव्हा कुठे भत्ता निघतो. हा मासिक सोपस्कार चुकवणाऱ्याची सेवा शिक्षा म्हणून वाढवली जाते. तेव्हा ‘नाव इथे, राहणे लागोसला’ अशी सोय लावू पाहणाऱ्याला वर्षाचा हिशेब सव्वा वर्षावर जाऊ शकतो हे धरून चालावे लागते.

सेवा लांबवू नये या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार वयोमर्यादेचा आहे. नायजेरियातल्या अनेक बँका आणि मोठ्या कंपन्या नवपदवीधरांच्या प्रशिक्षणार्थी भरतीसाठी २६ किंवा २८ वर्षांची मर्यादा घालतात आणि त्याच जाहिरातीत सेवासमाप्तीचे प्रमाणपत्रही मागतात. या दोन अटींच्या कात्रीत पदवीधर सापडतो. त्यात विद्यापीठांचे वेळापत्रक बेभरवशाचे. प्राध्यापकांच्या ‘असू’ या संघटनेच्या संपामुळे २०२० मध्ये सुमारे नऊ महिने आणि २०२२ मध्ये फेब्रुवारी ते ऑक्टोबर असे आठ महिने सार्वजनिक विद्यापीठे बंद होती. चार वर्षांचा अभ्यासक्रम साडेपाच-सहा वर्षांवर गेला, मग सिनेटच्या यादीसाठी काही महिने ताटकळणे, मग तुकडीची वाट. ‘सेवावर्षाने माझे एक वर्ष खाल्ले’ अशी तक्रार करणाऱ्याने हिशेब मांडून पाहिला तर सेवेने बारा महिने घेतलेले दिसतात आणि संप, यादी व प्रतीक्षेने त्याहून जास्त. पहिल्या बारा महिन्यांत निदान भत्ता आणि अनुभवाचा दाखला पदरात पडतो. बाकीच्यांत काहीच नाही. म्हणून जी गोष्ट आपल्या हातात आहे ती, म्हणजे यादीत आपले नाव, जन्मतारीख आणि प्रवेशाची नोंद बिनचूक आहे का हे शेवटच्या वर्षातच तपासणे, हे नियोजनातले पहिले काम. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने तुकडी हुकते, आणि तुकडी हुकणे म्हणजे आणखी काही महिने घरी बसणे.

व्यावसायिक शाखांचा क्रम थोडा वेगळा आहे, पण तत्त्व तेच. वैद्यकीय पदवीधर आधी एक वर्षाची हाउसमनशिप पुरी करतो, औषधनिर्माणाचा पदवीधर आधी इंटर्नशिप. कायद्याचा पदवीधर साधारणपणे नायजेरियन लॉ स्कूलमधून वकिलीची सनद घेऊन मग सेवेला जातो. हा क्रम शहाणपणाचा आहे, कारण गावच्या दवाखान्याला अर्धवट डॉक्टर पाठवून कोणाचेच भले होत नाही. परंतु या शाखांत हाउसमनशिपच्या जागा कमी आणि उमेदवार अधिक असल्याने खोळंबा तिथेच होतो. अभियांत्रिकी, वाणिज्य, मानव्यविद्या यांच्या पदवीधरांना मधला टप्पा नसल्याने थेट सेवेला जाता येते आणि त्यांनी जावेही.

याला घेतला जाणारा पहिला मोठा आक्षेप परदेशी शिक्षणाचा आहे. ब्रिटन किंवा कॅनडातल्या विद्यापीठात एम.ए., एम.एस्सी.ला प्रवेश मिळत असेल, आणि ती विद्यापीठे सेवेचे प्रमाणपत्र मागतही नसतील, तर वर्षभर थांबायचे कशाला? स्वखर्चाने जाऊन तिथेच स्थायिक होण्याचा ज्याचा पक्का इरादा आहे त्याच्यापुरता हा आक्षेप खरा आहे, ते मान्य करायला हरकत नाही. पण स्वखर्च परवडणारे मोजकेच. शिष्यवृत्तीवर जाणाऱ्याची गोष्ट निराळी. पेट्रोलियम टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंडाची परदेशी पदव्युत्तर शिष्यवृत्ती आणि केंद्र सरकारच्या द्विपक्षीय करारांखालील पदव्युत्तर जागा या दोन्हींना सेवासमाप्तीचे किंवा सूट मिळाल्याचे प्रमाणपत्र लागते. देशातल्या विद्यापीठांचे पदव्युत्तर विभागही ते बहुधा मागतात. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते आणि त्यात स्वयंसेवी व इंटर्नशिपचे काम धरते. नायजेरियन उमेदवार त्यात आपले सेवावर्ष दाखवतात. म्हणजे परदेशी शिक्षणासाठीसुद्धा सेवा हा अडथळा नसून बहुतेकांच्या बाबतीत पायरी आहे. शिवाय परदेशातून पदवी घेऊन आलेल्यालाही, वय ३० च्या आत असताना पदवी मिळाली असेल तर, सेवा करावीच लागते. परतल्यावर, संसार आणि नोकरी सुरू झाल्यावर, खाकी चढवून शिबिरात जाणे तेविसाव्या वर्षी जाण्यापेक्षा कितीतरी अवघड.

प्रमाणपत्र टाळून पुढे गेलेल्याचे काय होते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण केमी अडेओसुन यांचे. इंग्लंडमध्ये वाढलेल्या आणि १९८९ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी तिथेच पदवीधर झालेल्या या बाई २०१५ मध्ये नायजेरियाच्या अर्थमंत्री झाल्या. त्यांचे सूट-प्रमाणपत्र बनावट असल्याचे उघड झाल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. जुलै २०२१ मध्ये अबुजातील संघीय उच्च न्यायालयाने निकाल दिला की पदवीच्या वेळी त्या ब्रिटिश नागरिक होत्या, त्यामुळे सेवेचे बंधन त्यांना नव्हतेच आणि मंत्रिपदासाठीही ते प्रमाणपत्र आवश्यक नव्हते. कायद्याने जो कागद लागतच नव्हता, त्याच्या खोटेपणापायी मंत्रिपद गेले. मंत्र्याची ही गत, तर साध्या उमेदवाराचे घोडे कुठे अडेल हे वेगळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप जिवाच्या सुरक्षेचा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. निवडणूक आयोग कोर्परांना मतदान केंद्रांवर कर्मचारी म्हणून नेमतो. एप्रिल २०११ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर उत्तरेत उसळलेल्या दंगलीत बाउची राज्यात दहा कोर्पर मारले गेले. ईशान्येतील बोको हरामचा हिंसाचार आणि महामार्गांवरील अपहरणे यांनी पालकांची भीती वाढवली. त्याचा परिणाम म्हणजे बदलीचे अर्ज : विवाहित स्त्रीला पतीच्या राज्यात, आजारी व्यक्तीला उपचारांच्या सोयीच्या ठिकाणी, आणि असुरक्षित भागातून बाहेर अशी बदली नियमाने मिळू शकते, ज्याच्याकडे वशिला आहे त्याला नियमाशिवायही. पण या आक्षेपाने सिद्ध होते ते इतकेच की कुठे जावे याची चौकशी करावी आणि बदलीचा हक्क शिबिरातच बजावावा. सेवा दोन वर्षे पुढे ढकलल्याने रस्ता सुरक्षित होत नाही.

तिसरी तक्रार पैशांची. मासिक भत्ता २०११ पासून १९,८०० नायरा होता, २०२० मध्ये ३३,००० झाला. तेव्हा त्याची किंमत शंभर डॉलरच्या आसपास होती. नायरा कोसळल्यावर २०२४ च्या मध्याला ती पंचवीस डॉलरहूनही कमी उरली. नवे किमान वेतन ७०,००० नायरा ठरल्यानंतर सरकारने भत्ता ७७,००० केला, पण तो प्रत्यक्ष खात्यात पडायला मार्च २०२५ उजाडले. खोलीभाडे, प्रवास आणि जेवण यांत हे पैसे पुरत नाहीत. घरून मदत मागवणारे पुष्कळ. आपल्याच पदवीधरांकडून स्वस्तात शिक्षक मिळवण्याची ही सरकारी युक्ती आहे, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला बरेचसे पटते. मात्र सेवा लांबवून भत्ता वाढत नाही, आणि प्रमाणपत्राअभावी संघटित क्षेत्रातला पहिला पगारही सुरू होत नाही.

मूळ हेतूचे, म्हणजे ऐक्याचे, काय झाले? अर्थशास्त्रज्ञ ओयेबोला ओकुनोग्बे यांनी माजी कोर्परांचा अभ्यास केला, तेव्हा आपल्या वांशिक प्रदेशाबाहेर सेवा केलेल्यांत वर्षांनंतरही देशाविषयीचा अभिमान अधिक आढळला आणि परप्रदेशात राहायला जाण्याची शक्यताही वाढलेली दिसली. विशेष म्हणजे स्वतःच्या जमातीविषयीची आपुलकी त्यांच्यात कमी झाली नव्हती. योजना बंद करावी म्हणणाऱ्यांनी हा पुरावा विचारात घ्यावा. घरच्या राज्यात बदली करून घेणारा मात्र ते सगळे गमावतो आणि त्याच्या वाट्याला प्रमाणपत्र तेवढे येते.

दोष आहे तो वर्षाच्या जागेत. ऐन नोकरीच्या उंबरठ्यावर, तारीख आणि ठिकाण दोन्ही अनिश्चित ठेवून ते मागितले जाते. भारतात याच प्रश्नावर १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. शालेय शिक्षण संपवून विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी, अशी तिची शिफारस होती. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणींमुळे ती स्वीकारली गेली नाही, आणि २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ऐच्छिक राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. सेवा शिक्षणाच्या आधी ठेवण्याची देशमुखांची कल्पना विद्यार्थ्याच्या दृष्टीने निःसंशय अधिक सोयीची होती. नायजेरियाने क्रम बदलला नाही तरी निदान सिनेटच्या यादीला आणि बोलावण्याला पक्की मुदत घालावी. ती पडेपर्यंत तिथल्या पदवीधराने पहिल्याच तुकडीत नाव नोंदवावे आणि नोकरीचे व शिष्यवृत्तीचे अर्ज सेवावर्षाच्या उत्तरार्धात करायला लागावे.