बावट्यांचे भांडण आणि बेटावरचा हशा

शेताच्या बांधावरून झालेले भांडण ठाऊक नाही, असा गाव आपल्या कोकणपट्टीत सापडणे कठीण. हातभर जमिनीसाठी सख्ख्या भावांनी एकमेकांच्या दारात पाऊल टाकणे सोडले, अशी घरे प्रत्येक धर्मग्रामात असतात. परंतु अशा भांडणाचा पुढे खेळ व्हावा आणि तो पाहण्यास नदीपलीकडची अनोळखी माणसे बोटी भरभरून यावीत, हे क्वचितच घडते. गोव्यातील दिवाडी बेटावर ते घडले आहे. त्या खेळाचे नाव बोंदेरा.

दिवाडी हे मांडवी नदीतील बेट. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उभे राहिले की पलीकडे टेकडीवरचे पियेदादचे पांढरे चर्च दिसते. जुन्या गोव्याहून किंवा रायबंदरहून फेरीबोटीत बसले की काही मिनिटांत बेट गाठता येते. मराठी वाचकांना हे बेट आणखी एका कारणाने परिचित असेल. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान येथेच होते. पोर्तुगीज काळात ते उद्ध्वस्त झाल्यावर देव नदीपार डिचोलीकडील नार्वे येथे गेला आणि तेथील मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 साली करविला. म्हणजे कोणाची जागा कोठवर, हा प्रश्न या लहानशा बेटाला पूर्वीपासूनच चिकटलेला आहे!

भांडणाचे मूळ मात्र देवळा-चर्चात नसून भातशेतीत होते. गोव्यातील गावांची जमीन पूर्वापार गावकरी संस्थेच्या सामाईक मालकीची असे. शेते कसावयास दिली जात. कर, बांधबंदिस्ती आणि देवस्थानाचा खर्च भागला की उरलेले उत्पन्न गावकरांत वाटले जाई. या वाट्याला 'जोण' म्हणत. पोर्तुगिजांनी 1510 साली तिसवाडी घेतली तरी ही व्यवस्था मोडली नाही. उलट आफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने 1526 साली तिचे रीतिरिवाज लेखी नोंदवून घेतले. हे सारे लक्षात घेतले म्हणजे हद्दीचे महत्त्व कळते. खारे पाणी अडविणारा बांध चार हात इकडे की तिकडे, यावर एका वाड्याचे भात ठरे आणि दुसऱ्याचे उपासही. त्यामुळे दिवाडीच्या वाड्या-वाड्यांत हाणामाऱ्या होत आणि प्रसंगी माणसे जिवानिशी जात, असे बेटावरची परंपरा सांगते.

यावर सरकारने जो उपाय योजला तो सरकारी बुद्धीला शोभेल असाच होता. हद्दीवर निरनिराळ्या देशांचे बावटे रोवावेत, म्हणजे कोणाची सीमा कोठे संपते हे लांबूनही दिसेल! पोर्तुगीज भाषेत बावट्याला 'बांदेरा' म्हणतात. त्यावरूनच उत्सवाला बोंदेरा हे नाव पडले. रोमी लिपीत ते 'बोंदेराम' असे लिहितात. बावट्यांनी भांडण मिटले नाही. लोकांनी दगड मारून ते पाडावयास सुरुवात केली. ज्या देशाचे नावही आपल्या शेतकऱ्याने ऐकले नव्हते त्याचा बावटा त्याच्या बांधावर फडकावा, यात जो विनोद होता तो त्या शेतकऱ्याच्याच प्रथम लक्षात आला असावा. माझ्या मते बोंदेऱ्याचा खरा जन्म त्या क्षणी झाला. कालपर्यंत शेजाऱ्याच्या डोक्याकडे जाणारा दगड आता कापडाकडे वळला.

पुढे दगडही गेला आणि त्याच्या जागी 'फोताश' आले. ही बांबूची खेळण्यातली बंदूक. पोकळ नळीच्या टोकाशी एक हिरवे रानफळ घट्ट बसवायचे, मागून दुसरे फळ काठीने रेटायचे. मधली हवा दाबली जाते आणि पुढचे फळ फट्‌ आवाज करीत सुटते. लागले तर चुरचुरते, जखम होत नाही. अशीच बांबूची बंदूक बस्तरमध्ये, जगदलपूरच्या रथयात्रेत, 'तुपकी' या नावाने देवाला सलामी देण्यासाठी उडवितात. तेथे जी मानवंदना आहे, तीच दिवाडीत लटकी लढाई आहे.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी हा उत्सव भरतो. पावसाने बेट हिरवेगार झालेले असते. वाड्या-वाड्यांचे बावटे, सजविलेले चित्ररथ, बँडचे सूर, सोंगे घेतलेली मुले अशी मिरवणूक निघते आणि फोताशांचा मारा सुरू होतो. पाहणाऱ्यांत पणजी-म्हापशाची कुटुंबे असतात, मुंबईहून सुटीवर आलेले असतात आणि ज्यांना कोंकणीचा एक शब्द कळत नाही असे परदेशी पाहुणेही असतात. अलीकडे काहींना ही गर्दी खुपते. बेटाचा घरगुती सण पर्यटनाचा तमाशा होईल, अशी धास्ती त्यांना वाटते. ती अगदीच निराधार नाही. चित्ररथ पाहुण्यांच्या कॅमेऱ्यासाठीच सजू लागले, तर वाड्यांची आपसातील चुरस, जी या खेळाचा प्राण आहे, ती विझेल.

तरीही परक्याला येथे येऊ नको म्हणणे मला पटत नाही. बांधाच्या भांडणात प्रत्येक गावकरी कोणत्या तरी बाजूचा असतो. पणजोबांनी सोडलेला वारसाच तो. फेरीबोटीतून उतरलेल्या माणसाची बेटावर वीतभर जमीन नसते. तो कोणत्याही बावट्याला टाळ्या देतो, कोणीही पडले तरी हसतो आणि त्याच्या हसण्यामुळे दोन्ही बाजूंना हसणे सोपे जाते. शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीचे नाव त्याला ठाऊक नसते, पण दोघांच्याही पाठीवर एकाच पोराच्या फोताशातून सुटलेली फळे आदळलेली असतात. मागे वळून पाहावे तो पोरगा गर्दीत पसार झालेला असतो, आणि तो कोणत्या वाड्याचा, हे कोणीच सांगत नाही.