कुकडी व मीना यांच्या खोऱ्यांतील एक प्रदक्षिणा

जुन्नर प्रांताचा इतिहास म्हटला म्हणजे नाणेघाट, मनमोडीचीं लेणीं आणि शिवनेरी हीं स्थळें अभ्यासकांच्या दृष्टीपुढें प्रथम उभीं राहतात, आणि तें योग्यच आहे. नाणेघाटांत सातवाहन राज्ञी नागनिकेचा लेख आहे; मनमोडीस नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे; शिवनेरीवर शिवछत्रपतींचा जन्म झाला. परंतु हीं सर्व स्थळें खोऱ्याच्या वरच्या अंगास पडतात. खालच्या अंगास जें साधन आहे तें याहून फार प्राचीन असून, तें ना कागदावर आहे ना शिळेवर; तें नदीच्या दरडींत आहे. तें पाहावयाचें तर पिंपळवंडीहून निघून पायींच फिरलें पाहिजे.

कुकडी पूर येथें कुकडेश्वराजवळ उगम पावते. तिच्या दक्षिणेस मीना वाहते. दोघी पुढें घोडनदीस मिळतात व घोड भीमेस. पिंपळवंडी कुकडीकांठीं आहे. तेथून ईशान्येस आळें, मग खालीं कुकडीवर बोरी, नदी उतरून मीनेच्या खोऱ्यांत खोडद, मीनेच्या कडेनें वर नारायणगांव आणि पुणें-नाशिक रस्त्यानें परत पिंपळवंडी, अशी ही प्रदक्षिणा उजवी घालून पुरी होते. सावकाश चालणारास दोन दिवस पुरेत.

आळें येथें ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखें वेद वदविले त्या रेड्याची समाधि दाखवितात. नेवाशाहून आळंदीस परततांना तो येथें मरण पावला, अशी परंपरा आहे. तिची ऐतिहासिक सिद्धि करण्याचें कारण नाहीं. मात्र शके १२१२ त ज्ञानेश्वरी पूर्ण झाल्यावर भावंडें ज्या वाटेनें गेलीं असें लोक मानीत आले, ती वाट या गांवावरून जाते, एवढा अर्थ त्या स्मृतींतून निघतो.

बोरी येथें गोष्ट निराळी आहे. तेथें कुकडीच्या कांठच्या गाळांत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सान्निध्यांत पाषाणयुगीन मानवाचीं हत्यारें, हातकुऱ्हाडी इत्यादि, सांपडलीं आहेत. सह्याद्रीचा काळा पाषाणहि ज्वालामुखीचाच. परंतु तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा, मनुष्यजातीच्या फार आधींचा. ही राख तशी नव्हे. तिचा काळ ठरला तर हत्यारांचा काळ ठरविण्यास आधार मिळतो, म्हणून पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील व इतर संशोधकांनीं तिच्यावर श्रम केले. इ. स. १९८९ मध्यें तिचें वय सुमारें १४ लक्ष वर्षें सांगण्यांत आलें. १९९५ मध्यें सुमारें ६ लक्ष ७० हजार. उलट पक्षीं, राखेंतील काचकणांच्या रासायनिक परीक्षेवरून ती सुमात्रा बेटांतील तोबा ज्वालामुखीच्या सुमारें ७४ हजार वर्षांपूर्वींच्या स्फोटाची होय, असें प्रतिपादिलें गेलें.

शिवजन्माचा शक १५४९ कीं १५५१, या वादांत आपल्या विद्वानांनीं किती शाई वेंचली हें वाचकांस विदित आहेच. तेथें अंतर दोन-तीन वर्षांचें होतें आणि जेधे शकावलीसारखा कागद हातीं येतांच १५५१ चा पक्ष बळावला. येथें अंतर लक्षावधि वर्षांचें आहे व शकावली म्हणजे ही दरडच. शिवाय राख आकाशांतून पडते, पण पावसानें धुऊन ओढ्यांत येते; जुनें हत्यार पुरांत लोटत येऊन नव्या राखेंत रुतूं शकतें. म्हणून कोणती वस्तु कोणत्या थरांत, राखेच्या वर कीं खालीं, हेंच येथलें मुख्य प्रमाण. एकदां दरड खणली गेली म्हणजे तें प्रमाण कायमचें बुडालें. पोथीप्रमाणें याची दुसरी प्रत कोठें मिळावयाची नाहीं.

बोरीहून खोडदास आलें कीं दृश्य पालटतें. येथें गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरच्या विस्तारांत पसरल्या असून इ. स. २००१ मध्यें ती राष्ट्रास अर्पण झाली. आकाशांतील अतिदूरच्या, म्हणजेच अतिप्राचीन, लहरी ती टिपते. तिच्या रक्षणार्थ आसपासच्या रेडिओ-लहरींवर निर्बंध घातले जातात. थोड्याच अंतरावरील बोरीची दरडहि प्राचीन काळाचीच साक्ष देते. तिलाहि तसें रक्षण हवें.

नारायणगांवाहून परततांना येडगांव धरणाची आठवण अवश्य होते. कुकडी प्रकल्पांतील पांच धरणांपैकीं तें एक. तेथून निघणारा डावा कालवा अहिल्यानगर व सोलापूर या जिल्ह्यांपर्यंत पाणी नेतो. त्या पाण्यानें दुष्काळी मुलूख भिजतो. त्याविरुद्ध कोणी सुज्ञ बोलणार नाहीं. परंतु नदीकांठची माती हलविण्यापूर्वीं तिचा छेद मोजून, रेखाटून व छायाचित्र काढून ठेवणें यांत कोणाच्या शेतीची हानि नाहीं. दप्तराची रुमालें सोडविणाऱ्या अभ्यासकांनीं वर्षांतून एकदां तरी ही प्रदक्षिणा करावी, सोबत गांवच्या शाळेंतील मुलें न्यावीं, आणि दिसेल तें जागचें न हलवितां टिपून ठेवावें. दगड उचलून घरीं आणणारा संग्राहक होईल. तो कोठें होता हें लिहून ठेवणारा इतिहासाच्या उपयोगी पडेल.