मर्यादा आणि 'पाहू'

पेशवेकालीन पत्रांत कनिष्ठ वरिष्ठास 'विज्ञापना' करी, वरिष्ठ कनिष्ठास 'आज्ञा' करी. मर्यादेचे ओझे बहुधा खालच्यावरच असे. परभणी जिल्ह्यावर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता व सरकारी कामकाज उर्दूत चाले. भाषा पालटली, तरी 'अर्ज' करणारा खालीच राहिला.

घरगुती मराठीची मर्यादा मात्र उभयपक्षी आहे. देवगाव फाट्यावर निरोप घेणारा पाहुणा 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, आणि यजमान 'या' म्हणतो. परंतु 'पाहू' हा गोड शब्द आम्हांस खटकतो. सावकाराने गरजवंतास 'पाहू' म्हटले, की सावकाराची भीड राहते आणि गरजवंताचे हेलपाटे वाढतात. सौम्य शब्दांत दिलेला स्पष्ट नकार, हीच दुर्बलाची प्रतिष्ठा राखणारी सभ्यता होय.