आडवाऱ्यातील विमान-अवतरण

आडवाऱ्यातील विमान-अवतरण : धावपट्टीच्या दिशेशी कोन करून वाहणाऱ्या वाऱ्यात विमान उतरविण्याची क्रिया. समोरून येणारा वारा अवतरणास उपकारक असतो, कारण त्यामुळे विमानाचा जमिनीसापेक्ष वेग कमी होतो. आडवा वारा मात्र विमानास धावपट्टीच्या मध्यरेषेपासून बाजूला ढकलतो. वाऱ्याच्या वेगास तो धावपट्टीशी करीत असलेल्या कोनाच्या ज्येने गुणले असता आडवा घटक मिळतो. ताशी ५० किमी. वेगाचा वारा ३० अंशांच्या कोनात असल्यास हा घटक २५ किमी. व ९० अंशांत असल्यास पूर्ण ५० किमी. होतो.

इतिहास : प्रारंभीच्या काळात हा प्रश्न फारसा तीव्र नव्हता. विमानतळ म्हणजे मोकळे मैदान असे. वातदर्शक कापडी नळी पाहून वैमानिक वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरत असे. मुंबईजवळील जुहू येथील तळ १९२८ मध्ये सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणले, ते ‘पुस मॉथ’ हे छोटे विमान तेथेच उतरले. अहमदाबाद व जुहू यांना जोडणारी सरळ रेषा डहाणूच्या अगदी जवळून जाते. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने निरुपयोगी होई व वाहतूक पुण्यास हलवावी लागे.

जड विमानांना पक्की, लांब धावपट्टी लागू लागली, तेव्हा उतरण्याची दिशा कायमची ठरून गेली आणि आडवाऱ्याची अडचण खऱ्या अर्थाने पुढे आली. यावर उपाय म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अनेक तळांवर त्रिकोणाकृती रचनेत तीन धावपट्ट्या बांधल्या गेल्या. पुढे पुच्छचाकाऐवजी नासिकाचाकाची रचना रूढ झाली. पुच्छचाकाच्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने ते वाऱ्याच्या झोताने जमिनीवर गरकन फिरण्याचा धोका असे. नासिकाचाकाच्या विमानात गुरुत्वमध्य पुढे आल्याने ते आपोआप सरळ धावू लागते. एअर इंडियाने १९४८ मध्ये मुंबई-लंडन सेवेसाठी वापरलेले ‘कॉन्स्टेलेशन’ विमान याच प्रकारचे होते.

तंत्र : आडवाऱ्यात उतरण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवून ते तिरपे आणले जाते व भूस्पर्शाच्या क्षणी सुकाणूने धावपट्टीशी सरळ केले जाते. दुसरीत वाऱ्याकडील पंख खाली झुकवून व विरुद्ध बाजूस सुकाणू देऊन विमान मध्यरेषेवर राखले जाते. मोठ्या जेट विमानांची एंजिने पंखांखाली लोंबत असल्याने पंख फार झुकविता येत नाही. म्हणून तेथे पहिली पद्धत किंवा दोहोंचा मेळ वापरतात. भूस्पर्शानंतरही धोका संपत नाही. धावपट्टी ओली असल्यास चाकांची पकड घटते आणि उंच पुच्छावर पडणारा वाऱ्याचा दाब विमानास फिरवू पाहतो.

मुंबईचा अनुभव : धावपट्टीचा क्रमांक तिच्या चुंबकीय दिशेचे अंश दहाने भागून ठरतो. सांताक्रूझ येथे ०९/२७ ही पूर्व-पश्चिम मुख्य धावपट्टी असून १४/३२ ही तिला छेदणारी दुय्यम धावपट्टी आहे. पावसाळ्यात वारा प्रामुख्याने नैऋत्य-पश्चिमेकडून येतो. समजा, तो २४० अंशांकडून ताशी ५० किमी. वेगाने वाहत आहे, तर धावपट्टी २७ वर आडवा घटक सुमारे २५ किमी. असतो, पण ३२ वर तो सुमारे ४९ किमी. होतो. त्यामुळे पावसाळ्यात मुख्य धावपट्टी बंद पडणे ही केवळ गैरसोय राहत नाही. १ जुलै २०१९ रोजी मुसळधार पावसात एक प्रवासी विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे घसरले. ती काही दिवस बंद राहून सारा भार दुय्यम धावपट्टीवर आला आणि अनेक उड्डाणे रद्द करावी अथवा अन्यत्र वळवावी लागली. अशा वेळी उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर चढणे अथवा दुसऱ्या विमानतळाकडे जाणे हे वैमानिकाचे अपयश नसून त्याच्या शिक्षणाचाच भाग होय.

डहाणू-तलासरी परिसर : पालघर जिल्ह्याच्या (स्थापना १ ऑगस्ट २०१४) या उत्तरेकडील तालुक्यांत प्रवासी विमानतळ नाही. तथापि डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली व त्याच्याजवळ मुंबईसाठी तिसरा विमानतळ उभारण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात मांडण्यात आला. येथील किनारा साधारणतः उत्तर-दक्षिण असल्याने किनाऱ्याला समांतर धावपट्टी जागेच्या दृष्टीने सोयीची वाटली, तरी तिच्यावर पावसाळी वारा बहुतांशी आडवाच येईल. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या शिफारशीनुसार, विमानतळ वाऱ्याच्या दृष्टीने किमान ९५ टक्के काळ वापरता यावा अशी धावपट्ट्यांची संख्या व दिशा असावी. मोठ्या विमानांसाठी या हिशेबात आडवा घटक ताशी ३७ किमी. पर्यंत ग्राह्य धरतात. धावपट्टीची पकड वारंवार अपुरी राहत असल्यास तो २४ किमी. धरावा लागतो. त्यासाठी शक्यतो निदान पाच वर्षांच्या वाऱ्याच्या नोंदी, दिवसातून किमान आठ वेळा घेतलेल्या, अभ्यासाव्या लागतात. डहाणू येथे भारतीय हवामानशास्त्र विभागाची वेधशाळा असल्याने अशा अभ्यासास आधार उपलब्ध आहे. धावपट्टीची लांबी पुढे वाढविता येते, पण एकदा बांधलेल्या धावपट्टीची दिशा बदलता येत नाही.