खानदेशातील देवघर

खानदेशातील देवघर म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील हिंदू घरांत देवतांच्या मूर्ती, टाक आणि अन्य प्रतीके जेथे पूजली जातात ते स्थान. तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला चोपडा तालुका याच प्रदेशात येतो. येथील देवघरातल्या वस्तूंना पौराणिक अर्थाबरोबर नात्याचाही अर्थ असतो. मूर्ती कोणाकडून आली, ती कोणाकडे राहते आणि तिचा नैवेद्य कोणी खायचा, यावरून त्या घराची भावकी कळते.

मूर्ती

घरातील मूर्ती लहान असावी, असा संकेत जुना आहे. मत्स्यपुराणात घरच्या प्रतिमेचे माप अंगठ्याच्या पेरापासून वीतभर एवढे सांगितले आहे. पंचायतन पूजेत तर मानवी आकृतीची गरजच नसते; तेथे नर्मदेतील बाण शिवाचे आणि गंडकीतील शाळिग्राम विष्णूचे रूप मानला जातो. सर्वसाधारण देवघरात गणपती, रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख व घंटा आढळतात. हाती पळी घेतलेली अन्नपूर्णा ही घरातील अन्नाच्या सुबत्तेची खूण होय. महाराष्ट्रात अनेक समाजांत वधू लग्नापूर्वी गौरीहर पूजताना तिचे पूजन करते व तीच मूर्ती सासरी नेते. त्यामुळे देवघरातील अन्नपूर्णा बहुधा सुनेच्या माहेरची असते. कुळाच्या देवांत माहेरून आलेली ही एक देवी बसते, हे प्रतीकांच्या चर्चेत सहसा नोंदले जात नाही.

टाक

टाक म्हणजे चांदीच्या किंवा अन्य धातूच्या पातळ पत्र्यावर ठसा उमटवून घडविलेली देवप्रतिमा. खंडोबा, भवानी, सप्तशृंगी अशा कुलदेवतांचे टाक घरोघरी असतात. खानदेशातील अनेक कुळांची दैवते वणीची सप्तशृंगी, धुळ्याची एकवीरा किंवा यावल तालुक्यातील मनुदेवी ही आहेत. सप्तशृंग गडावरील अठरा हातांची भव्य मूर्ती टाकावर बोटभर उंचीची होते. टाक हा त्या क्षेत्राचा घरातील प्रतिनिधी असतो. म्हणून लग्नकार्यानंतर किंवा नवसाच्या वेळी तो क्षेत्री नेऊन देवीला भेटवून आणण्याची प्रथा आहे. झिजलेले टाक पाण्यात विसर्जित करून नवे घडविले जातात.

कानबाई

खानदेशाची खास गृहदेवता म्हणजे कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिची घरात स्थापना होते आणि सोमवारी तिला निरोप दिला जातो. तिची मूर्ती म्हणजे नारळ. चौरंगावर कलश मांडून त्यावर नारळ ठेवतात. त्याला डोळे, नथ व मंगळसूत्र घालून खणाने सजवितात आणि दोन्ही बाजूंस केळीचे खांब उभारतात. शेंडी आणि डोळे असलेल्या फळाला चेहरा देऊन त्याची सौभाग्यवती देवी करणे, ही या पूजेची मूळ कल्पना आहे. अनेक घरांत हा नारळ पिढ्यान्‌पिढ्या जपलेला असतो. रात्री अहिराणी गाणी म्हणत जागर होतो.

कानबाईच्या नैवेद्यास रोट म्हणतात. त्यासाठी परंपरेने घरातील प्रत्येक पुरुषाच्या नावे सव्वा मूठ धान्य मोजून घेतात. हे रोट भावकीतच खायचे असतात, परक्यास दिले जात नाहीत. म्हणजे देवीसमोरचे पीठ ही कुटुंबाची शिरगणतीच ठरते. मात्र ही गणती पुरुषांची असून तिची सारी मांडणी, दळण आणि गायन स्त्रियांच्या हाती असते.

कानबाईच्या जोडीने कन्हेर व राणबाई यांची नावेही घेतली जातात. चोपड्याच्या उत्तरेस सातपुड्यापलीकडील निमाडात गणगौरीच्या सणात रणुबाई व धणियर राजा पूजले जातात. नावातील हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

मातीचे देव

भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर मुली घरात गुलाबाई बसवितात. विदर्भात तिला भुलाबाई म्हणतात. शंकर-पार्वतीची ही मातीची रंगीत जोडी असते. रोज संध्याकाळी गाणी होतात आणि झाकून ठेवलेली खिरापत ओळखण्याचा खेळ चालतो. कोजागरीला तिची बोळवण होते. देवघरातील धातूचे देव कायमचे, तर गुलाबाई माहेरपणाला आलेल्या लेकीसारखी मुदतीची. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला पूर्वजांसाठी पाण्याने भरलेली घागर पूजली जाते. तेथे पितरांची मूर्ती नसते, घागर हेच त्यांचे रूप.

वाटणी आणि स्थलांतर

भाऊ वेगळे झाले की शेतीबरोबर देवांचाही प्रश्न येतो. मूळ देव सामान्यतः थोरल्याकडे राहतात व धाकटे नवे टाक करून घेतात. कानबाईच्या बाबतीत हे सोपे नसते, कारण नारळ एकच आणि रोट सामाईक. त्यामुळे वेगळ्या चुली असलेले भाऊदेखील त्या दिवशी एका घरी जमतात. रोजगारासाठी सुरत, नाशिक व पुणे येथे गेलेली कुटुंबे श्रावणातल्या या रविवारी गावाकडे येतात. सुरतेत खानदेशी वस्ती मोठी असल्याने तेथेही कानबाई बसविली जाते. धुळे-नंदुरबारकडे अलीकडे सार्वजनिक कानबाईच्याही मिरवणुका निघतात. तेथे प्रसाद सर्वांना वाटला जातो, घरातले रोट मात्र अजून भावकीतच राहतात.