जहाज लाकडाचे, पण तरते सांध्यांवर

१/ टिटवाळ्यावरून वाहणारी काळू नदी पुढे उल्हास नदीला मिळते आणि कल्याणपाशी उल्हासची खाडी होते. याच खाडीच्या काठी, दुर्गाडीच्या परिसरात, मराठा आरमाराची सुरुवात झाली असे आपण शाळेपासून वाचतो. त्या वर्णनांत सागवान असते, गुराबा आणि गलबते असतात, तोफा असतात. एक साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : दोन फळ्यांच्या मधल्या फटीत काय भरत असत? आजचा धागा या फटीविषयी आहे.

२/ आधी अडचण समजून घेऊ. लाकूड कापले तरी त्याची हालचाल थांबत नाही. ते पाणी शोषून फुगते, उन्हात आकसते. आणि हा फरक फळीच्या लांबीत नगण्य, पण रुंदीत लक्षणीय असतो. जहाजाच्या अंगाला अशा कितीतरी फळ्या एकावर एक बसवलेल्या असतात. लाटेवर सारा सांगाडा पिळवटतो. म्हणून सांध्यातला भराव दगडासारखा कठीण असून चालत नाही, तो तडकतो. लोण्यासारखा मऊ असला तर वाहून जातो. धरून ठेवणारा आणि तरीही लवणारा पदार्थ हवा.

३/ मग सुताराच्या घरचा सरस का नाही? कातडी आणि हाडे उकळून केलेला सरस घरातल्या लाकूडकामाला उत्तम असतो. परंतु तो पाण्यात विरघळतो. शिवाय सागवान स्वभावतः तेलकट असते. त्याच तेलकटपणामुळे ते टिकते आणि त्याच तेलकटपणामुळे त्यावर चिकटवण सहज धरत नाही. अशा वेळी जहाज बांधणाऱ्यांनी चिकटवण्याचा हट्टच सोडून दिला. फळ्या शिवून वा खिळ्यांनी जोडायच्या आणि पाणी अडवण्याचे काम भरावाकडे सोपवायचे, असे दोन वेगळे विभाग त्यांनी केले.

४/ या भरावाचे घटक तीन. पहिला धागा : काथ्या किंवा कापूस. तो फटीत कोरडा ठोकतात; पाणी लागले की तो फुगतो, फळ्याही फुगतात आणि फट आपोआप आवळली जाते. दुसरा घटक राळ : ती धाग्याला धरून ठेवते आणि पाणी परतवते. तिसरा घटक तेल : नुसती राळ वाळली की ठिसूळ होते, तेलामुळे ती लवचीक राहते. कोकणात उंडीचे कडू तेल आणि माशाचे तेल ही दोन्ही किनाऱ्यावरच मिळणारी तेले होती.

५/ चौथा पदार्थ चुना. हिंदुस्तानी शब्दकोशांत ‘गलगल’ असा एक शब्द आढळतो. अर्थ : चुना आणि जवसाचे तेल यांचे, पाणी शिरू न देणारे मिश्रण. यामागे साधे रसायन आहे. चुना तेलातील आम्लांशी संयोग पावून एक प्रकारचा साबण तयार करतो. पण आपल्या अंगाच्या साबणासारखा तो पाण्यात विरघळत नाही. असा लेप जहाजाच्या तळाला दिला की लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांनाही अडथळा होतो.

६/ आता इतिहासाकडे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथात भडोचहून इराणी आखाताकडे सागवान पाठवले जाई असे म्हटले आहे आणि आखाताकडील शिवलेल्या नौकांचीही नोंद आहे. सहाव्या शतकातील कॉसमस कल्याणच्या मालात तांबे, कापड आणि इमारती लाकूड सांगतो. म्हणजे लाकूड आणि जहाज यांचा या खाडीशी असलेला संबंध शिवकाळाहून फार जुना आहे.

७/ चौदाव्या शतकातील दोन ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या नोंदी तर थेट ठाण्याशी जोडलेल्या आहेत. ओडोरिक हा होर्मुझहून अठ्ठावीस दिवसांत ठाण्याला पोहोचला. आपल्या जहाजात लोखंड कोठेच नव्हते, ते केवळ दोरीने शिवलेले होते, असे तो लिहितो. १३२१ साली ठाण्यात असलेला जॉर्डानस भारतीय जहाजांविषयी हेच सांगून पुढे भर घालतो : जहाजात इतके पाणी शिरते की ते उपसायला माणसे जवळजवळ सदैव उभी ठेवावी लागतात.

८/ जॉर्डानसच्या वाक्याचा अर्थ ‘जहाजे वाईट होती’ असा लावण्याची घाई करू नये. शिवलेले जहाज लवते, म्हणून किनाऱ्यावर आदळले तरी सहज फुटत नाही. पण फळ्या लवल्या की सांधे उघडतात. शिवणीने मिळवलेली लवचीकता पाणी उपसण्याच्या श्रमाने फेडावी लागत होती. भराव जितका चांगला, तितके ते कर्ज कमी.

९/ १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात कल्याण, भिवंडी आणि पनवेल येथे लढाऊ जहाजे बांधली जात असल्याची चिंता दिसते. या कामावर रुय लैतांव व्हियेगश नावाचा पोर्तुगीज प्रमुख आणि त्याच्या हाताखाली बरेच कारागीर होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी फूस लावताच ते काम सोडून निघून गेले.

१०/ पोर्तुगिजांना भीती सागवानाची नव्हती. सागवान सह्याद्रीच्या उतारावर होतेच आणि ते त्यांना काढून नेता येणार नव्हते. काढून नेण्यासारखी वस्तू एकच होती : माणसांच्या हातातले ज्ञान. तरीही आरमार थांबले नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज मालवणहून जहाजांचा ताफा घेऊन बसरूरवर गेले. स्थानिक सुतार, कोळी, भंडारी यांच्याकडे स्वतःची परंपरा नसती, तर हे कसे शक्य झाले असते?

११/ या परंपरेला लागणारा माल कोठून येत होता, हे पाहिले की कल्याणचे महत्त्व आणखी स्पष्ट होते. काथ्या आणि उंडीचे तेल किनाऱ्यावरचे. कापूस घाटावरचा. राळ देणारा साल वृक्ष तर कोकणात वाढतच नाही. ती राळ व्यापारानेच येणार. घाटवाटा आणि खाडी जेथे भेटतात अशा गावी हे सारे एकत्र आणणे सोपे होते. जहाजबांधणीला जंगलाइतकीच बाजारपेठही लागते, हे आपण विसरतो.

१२/ पुढच्या शतकात तंत्राचा एक सुंदर टप्पा दिसतो. युरोपीय पद्धतीत फळ्या कडेला कड लावून बसवत आणि मग बाहेरून फटीत धागा ठोकत. सुरतेच्या कारागिरांची रीत निराळी होती. फळीच्या कडेला खाच पाडून दुसरी फळी तिच्यात बसवायची आणि बसवण्यापूर्वीच खाचेत राळ व कापसाचा थर द्यायचा. अठराव्या शतकाच्या मध्यास जॉन हेन्री ग्रोस याने अशा सांध्यांची वाखाणणी केली आहे : दोन फळ्या एकाच लाकडाच्या वाटाव्यात, असे ते बसत. तळाला तेल चोळण्याची रीतही तो नोंदवतो.

१३/ सुरतेहूनच लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईला आले आणि मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या पिढ्या घडल्या. याच गोदीत १८१७ साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत जतन केलेले आहे. जहाजाचे नाव टिकले, बांधणाऱ्या घराण्याचेही टिकले. सांधे भरणाऱ्यांची नावे मात्र सहसा कोणी लिहून ठेवली नाहीत.

१४/ याचे एक कारण भरावाच्या स्वभावातच आहे. तो टिकत नाही. आगोटीला नावा किनाऱ्यावर ओढून शाकारायच्या, जुना भराव खरवडायचा, नवा भरायचा, तेल द्यायचे आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात उतरायचे. कोकण किनाऱ्याचे वर्ष असे बांधलेले होते. विजयदुर्गजवळ वाघोटण खाडीत खडकात खोदलेली आंग्रेकालीन गोदी आजही पाहता येते. जहाज कोरडे करून त्याचा तळ दुरुस्त करणे हे किल्ला बांधण्याइतकेच महत्त्वाचे मानले गेले, याचा तो दगडी पुरावा आहे.

१५/ विसाव्या शतकात चित्र पालटले. १९५९ मध्ये फेविकॉल आले आणि सुताराच्या सरसाची जागा त्याने घेतली. पाण्याखालच्या कामाला इपॉक्सी आली, पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि सांधाच नाहीसा झाला. सांधा गेला तसा तो भरणारा हातही गेला. ही हानी कोणत्याही दफ्तरात नोंदली जात नाही, कारण मुळात ते ज्ञानच दफ्तरात नव्हते.

१६/ म्हणूनच ‘कौंडिण्य’ या नौकेचे महत्त्व मोठे आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावरून ती आखली गेली. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून, सांध्यांत काथ्या, राळ आणि तेल भरून ती गोव्यात बांधली गेली आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाली. चित्रात जहाजाचा आकार दिसतो, भराव दिसत नाही. तो जिवंत कारागिराच्या हातूनच मिळवावा लागला.

१७/ आरमाराचे सामर्थ्य आपण जहाजांच्या संख्येने मोजतो. खरे तर ते आणखी एका आकड्यात मोजायला हवे : पावसाळा संपल्यावर त्यांतली किती जहाजे पुन्हा कोरडी तरू शकत होती. पुढच्या वेळी दुर्गाडीवर गेलात तर बुरुजावरून खाडीकडे पाहताना राळ तापवणाऱ्या आणि काथ्या ठोकणाऱ्या त्या अनाम हातांचीही आठवण असू द्या.