नाणी तोलणारा गणिती

मुलगी म्हणाली, ‘मला इतिहास शिकायचाय,’ की आपल्या घरांत क्षणभर शांतता पसरते. मग कुणीतरी विचारतंच, ‘पण पुढे करणार काय?’ तुमच्याकडे असं झालं असेल, तर दामोदर कोसंबी आठवून पाहा. जन्म १९०७, गोव्यातला. वडील धर्मानंद पाली ग्रंथाच्या कामासाठी हार्वर्डला गेले, म्हणून मुलगा मॅसॅच्युसेट्समध्ये शिकला आणि १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर झाला. म्हणजे तुमच्या-आमच्या मुलांसारखाच, तिकडच्या शाळेतला.

पेशाने ते गणिती. संख्याशास्त्र हाताळायला एखादा खरा प्रश्न हवा, म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी तोलायला घेतली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, वजन घटतं. हजारो नाणी तोलून कोणती आधीची, कोणती नंतरची, हे त्यांनी लावलं. पण ती पाडली कुणी? इथे तराजू गप्प! उत्तर जुन्या ग्रंथांत शोधायचं, तर संस्कृत पक्कं हवं. त्या नादात भर्तृहरीच्या असंख्य पोथ्या ताडून १९४८ साली त्यांनी चिकित्सक आवृत्ती काढली. (गणित सुटलं नाही, हे आईबाबांच्या समाधानासाठी सांगून ठेवतो.)

पोथ्यांवरही ते थांबले नाहीत. हातात काठी घेऊन पुण्याभोवतीच्या टेकड्या पालथ्या घातल्या, शेंदूर फासलेल्या दगडाला कोण पुजतं ते गावकऱ्यांना विचारलं. १९५६ साली आलेल्या त्यांच्या भारतीय इतिहासावरच्या पुस्तकात राजांच्या याद्यांपेक्षा नांगर, जमीन आणि ही माणसंच जास्त भेटतात.